मलावीची तूर, वाशीचं दाणाबंदर आणि कॉलेजातली मुलं

आपल्या घरी आमटीला शिजणाऱ्या तूरडाळीतली काही आफ्रिकेत पिकलेली असते. मोझांबिक, टांझानिया, मलावी, सुदान या देशांतली तूर जहाजाने न्हावाशेव्याला उतरते आणि मुंबईच्या बाजारात तिचे भाव बोलले जातात ते वाशीच्या सेक्टर 19 मधल्या धान्य बाजारात, म्हणजे आपल्या दाणाबंदरात. तिथे थोडा वेळ उभं राहिलं की ‘गजरी’, ‘मटवारा’, ‘अरुषा’, ‘लेमन’ ही नावं कानावर पडतात. मटवारा आणि अरुषा टांझानियातल्या, गजरीही आफ्रिकेतलीच, लेमन मात्र म्यानमारची.

या बाजारापासून रिक्षाच्या अंतरावर कॉमर्स, मॅनेजमेंट आणि इंजिनीअरिंगची कितीतरी कॉलेजं आहेत. सानपाडा, नेरूळ, बेलापूर, कोपरखैरणे, ऐरोली आणि खाडीपलीकडे ठाणे. तिथल्या मुलांनी इथेच बसून, फोन आणि लॅपटॉपच्या जोरावर, मलावीतल्या तूर पिकवणाऱ्या एखाद्या गटाला धंद्याचा सल्ला द्यायचा, ही कल्पना पहिल्यांदा ऐकताना अवास्तव वाटते. पण असं काम जगात बरंच चालतं. फरक इतकाच, की ते बहुतेक वेळा श्रीमंत देशांतल्या विद्यापीठांकडून गरीब देशांतल्या गावांकडे जातं. मला वाटतं, या कामासाठी ठाणे-नवी मुंबईच्या मुलांकडे अशी एक गोष्ट आहे जी सिडनी किंवा पॅरिसच्या मुलांकडे नाही. त्या शेतकऱ्याच्या मालाचा गिऱ्हाईक यांच्या शेजारी बसलेला आहे.

हे काम नेमकं काय असतं

विद्यार्थ्यांनी सल्लागार म्हणून काम करणं नवीन नाही. 1967 मध्ये पॅरिसच्या एसेक या बिझनेस स्कूलमध्ये विद्यार्थ्यांनी स्वतः चालवलेली, बाहेरची छोटी कामं घेणारी संस्था उभी राहिली आणि तिथून ‘ज्युनिअर एंटरप्राइझ’ ही चळवळ पसरली. अमेरिकेत 1975 मध्ये सुरू झालेली ‘स्टुडंट्स इन फ्री एंटरप्राइझ’ 2012 पासून ‘एनॅक्टस’ या नावाने ओळखली जाते. सिडनी विद्यापीठात 2007 मध्ये ‘180 डिग्रीज कन्सल्टिंग’ सुरू झालं, त्याच्या शाखा भारतातल्या कॉलेजांतही आहेत. 2020 मध्ये महामारीने प्रवास बंद पाडले तेव्हा असली पुष्कळ कामं व्हिडिओ कॉल आणि व्हॉट्सॲपवर आली आणि सगळं काही ठप्प होत नाही हे सगळ्यांना दिसलं.

रचना साधारण अशी असते. चार-पाच विद्यार्थी, वर लक्ष ठेवायला एक प्राध्यापक, पलीकडे शेतकऱ्यांचा गट, आणि या दोघांच्या मध्ये त्या देशातली एखादी संस्था जिच्यावर गटाचा आधीपासून विश्वास आहे. मलावीत छोट्या शेतकऱ्यांची ‘नासफॅम’ ही राष्ट्रीय संघटना आहे, शिवाय सरकारी कृषी विस्तार अधिकारी गावोगाव असतात. असा मधला माणूस नसेल तर काम सुरूच करू नये. ओळखदेख नसलेल्या परदेशी नंबरवरून येणाऱ्या मेसेजवर गावातल्या माणसाने का म्हणून विश्वास ठेवावा?

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा शेतीचा सल्ला नाही. मुलांनी तिथल्या शेतकऱ्याला तूर कशी लावायची, कोणतं बियाणं घ्यायचं, फवारणी कधी करायची हे सांगायचं नसतं. तिथल्या शेतकरी बाईने तीस वर्षं त्या मातीत काढलेली असतात. बियाण्यांवर काम करणारी इक्रिसॅटसारखी संस्था आहे, तिचं मुख्यालय हैदराबादजवळ पाटणचेरूला आहे आणि पूर्व व दक्षिण आफ्रिकेत तुरीचे वाण देण्यात तिचा मोठा वाटा आहे. मुलांचं काम पीक घरात आल्यानंतर सुरू होतं. खर्च किती आला, कुणाला विकायचं, एकत्र विकलं तर परवडेल का, पैसे कधी येतील, कागदावर काय लिहून घ्यायचं. थोडक्यात, हिशेब, व्यवहार आणि बाजाराची माहिती.

तिकडची परिस्थिती

मलावीला समुद्रकिनारा नाही. देशाच्या दक्षिण भागात, चिरादझुलू, मुलांजे, थ्योलो, झोंबा या जिल्ह्यांत, माणसं दाट आणि जमिनीचे तुकडे लहान. तूर, म्हणजे तिकडची ‘नांडोलो’, मक्यात आंतरपीक म्हणून घेतात. नोव्हेंबर-डिसेंबरच्या पहिल्या पावसात दोन्ही पेरायचं, एप्रिल-मेमध्ये मका काढायचा, तूर तशीच उभी ठेवायची आणि जुलै ते सप्टेंबर शेंगा काढायच्या. मका घरात खायला, तूर रोख पैशासाठी.

आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यात तूर जून-जुलैत पेरतात आणि ती डिसेंबर ते फेब्रुवारीत बाजारात येते. म्हणजे ऑगस्टपासून पुढे आपल्या बाजारात घरची तूर संपत आलेली असते तेव्हा तिकडची नवी तूर निघते. भारत-आफ्रिका तुरीचा सगळा व्यापार या तीन-चार महिन्यांच्या फटीवर उभा आहे.

शेतकरी विकतो कुणाला? बहुतेक वेळा गावात सायकलवर किंवा छोट्या गाडीतून येणाऱ्या फिरत्या व्यापाऱ्याला. तो माल गोळा करून पुढे ब्लँटायर शहराच्या लिंबे भागातल्या मोठ्या खरेदीदाराला किंवा डाळ मिलला देतो. यातल्या काही मिल भारतीय वंशाच्या कुटुंबांच्या आहेत. तिथून माल मोझांबिकच्या नाकाला किंवा बैरा बंदरातून भारताकडे येतो. सरकार दरवर्षी किमान भाव जाहीर करतं, पण गावातल्या काट्यावर तो मिळेलच असं नाही. त्यातच सप्टेंबरात शाळा सुरू होतात, फी भरायची असते, आणि नोव्हेंबरच्या पेरणीसाठी खत लागतं. हातात पैसा नसलेला माणूस भाव वाढायची वाट बघू शकत नाही. आपल्या तुरीवाल्या शेतकऱ्याला यातलं काहीच नवीन नाही.

एका ट्रकचा हिशेब

‘सगळ्यांनी एकत्र येऊन विका, दलाल टाळा’ हा सल्ला कुणीही देतो. तो कधी खरा ठरतो आणि कधी बुडवतो, हे काढता येणं म्हणजे या कामाचा गाभा. म्हणून एक उदाहरण पूर्ण करून बघू. आकडे हिशेब समजावा म्हणून मी घेतलेले आहेत, बाजारातला भाव म्हणून वाचू नका.

समजा गटात 40 सभासद आहेत आणि प्रत्येकाकडे विकायला 50 किलोची तीन पोती, म्हणजे 150 किलो तूर आहे. एकूण 6,000 किलो. फिरता व्यापारी दारात किलोला 1,000 क्वाचा (मलावीचं चलन) देतो. लिंबेची मिल 1,200 देते. वरवर पाहता किलोमागे 200 चा फायदा.

आता खर्च. ट्रकचं भाडं 4,80,000 क्वाचा. भरून नेला तर किलोला 80. रिकामं पोतं 500 ला, म्हणजे किलोला 10. हमाली आणि चढ-उतार 15. मिलवर माल चाळून, वाळवून घेताना 3 टक्के घट धरली तर 36. बेरीज 141. हातात राहिले 1,059. म्हणजे 200 चा फायदा 59 वर आला. एका सभासदाला 8,850 क्वाचा जास्त, आणि तेही पैसे दोन आठवड्यांनी मिळणार असतील तर.

इथपर्यंत ठीक. पण ट्रकचं भाडं माल कमी असला तरी तेवढंच राहतं. समजा निम्म्या सभासदांनी आदल्या दिवशी व्यापाऱ्याला माल देऊन टाकला आणि ट्रकमध्ये 3,000 किलोच चढले. भाडं किलोला 160 झालं. आता बाकीच्यांना दारात विकण्यापेक्षा किलोमागे 21 क्वाचा कमी मिळाले. एकीने विकायला निघाले आणि तोटा घेऊन घरी आले. मुलांनी काढायचा खरा आकडा हा: किमान किती माल जमला तर ट्रक बोलवायचा? ट्रकचं भाडं सोडून बाकी खर्च 61, म्हणजे प्रत्येक किलोमागे 139 क्वाचा हातात. 4,80,000 ला 139 ने भागलं की साधारण 3,450 किलो येतात. निदान 24 सभासदांनी सगळा माल दिला तर बाहेर न्यायचं, नाहीतर दारातच विकायचं. हे वाक्य गटाच्या सभेत पेरणीच्या आधी मांडता येतं. ऐनवेळी माल फिरवणं ही सहकारातली जगभरची अडचण आहे आणि ती नुसत्या भाषणाने सुटत नाही. किती जण लागतात हे प्रत्येकाला माहीत असलं तर निदान सगळे एकाच आकड्याकडे बघून ठरवतात.

आता याच हिशेबात एक गोष्ट घाला. व्यापाऱ्याचा काटा 5 टक्के मारतो. म्हणजे 1,000 च्या जागी खऱ्या वजनावर 950 च हातात येतात. फरक 59 वरून 109 झाला. म्हणजे गटाने स्वतःचा एक टांगता स्प्रिंगचा काटा घेतला आणि पोतं व्यापाऱ्याकडे नेण्याआधी मोजलं, तर ट्रक न बोलावताही किलोला 50 क्वाचा वाचले. ट्रकच्या फायद्याच्या जवळजवळ तेवढेच, आणि जोखीम काही नाही. मुलांना सुरुवातीला हे पटत नाही. काट्यापेक्षा ॲप बनवावंसं वाटतं, डॅशबोर्ड करावासा वाटतो, ते सादरीकरणात चांगलं दिसतं. मी कुठल्याही गटाला आधी काटाच सुचवेन, आणि त्याच्या शेजारी एक शंभरपानी वही, जिच्यात तारीख, नाव, पोती, किलो, भाव आणि मिळालेले पैसे एवढे सहा रकाने आहेत.

हिशेब क्वाचातच ठेवायचा, हेही लक्षात असू द्या. नोव्हेंबर 2023 मध्ये मलावीच्या रिझर्व्ह बँकेने क्वाचाचं 44 टक्के अवमूल्यन केलं, डॉलरचा दर एका झटक्यात 1,700 च्या आसपास गेला. त्या वर्षीचे आकडे कुणी रुपयांत किंवा डॉलरमध्ये उतरवून ठेवले असतील तर शेतकऱ्याला भाव वाढला की घटला हेच कळणार नाही. क्वाचाचा भाव वाढलेला दिसतो आणि खताची गोणी त्याहून महाग झालेली असते. म्हणून तुलना करायची ती ‘एक पोतं तुरीत किती खत येतं’ अशी. ती गावात सगळ्यांना लगेच समजते.

पैसे उशिरा मिळण्याचा प्रश्न उरतोच. तिथे मदतीला येतात गावातले बचतीचे गट, ज्यांना मलावीत ‘बँक न्खोंडे’ म्हणतात. आपल्या मुलांनी आईच्या किंवा मावशीच्या बचत गटाचं काम पाहिलेलं असतं, त्यामुळे त्यांना हे ओळखीचं वाटतं. पण एक फरक आहे. या प्रकारचे गट 1991 मध्ये नायजरमध्ये ‘केअर’ या संस्थेने सुरू केलेल्या पद्धतीवर चालतात. वर्षभर शेअर घेत पैसा जमवायचा, आपसात कर्ज द्यायचं आणि ठरलेल्या मुदतीनंतर सगळी रक्कम व्याजासकट सभासदांत वाटून पेटी रिकामी करायची. आपले गट बँकेशी जोडले जातात आणि निधी साठत जातो, तसं तिथे बहुधा नसतं. त्यामुळे ‘गटाच्या निधीतून सभासदांना दोन आठवड्यांची उचल द्या’ असा सल्ला देण्याआधी पेटी कधी फुटते हे विचारावं लागतं. वाटप जूनमध्ये झालं असेल तर ऑगस्टमध्ये पेटीत काही नाही.

दिल्लीचा निर्णय आणि मुलांजेचं शेत

हा भाग आपल्या मुलांनाच सर्वात चांगला समजावता येईल, कारण याच्या बातम्या आपल्या वर्तमानपत्रात येतात.

2015 च्या अखेरीस मुंबईत तूरडाळ किलोला 200 रुपयांवर गेली होती, ते दिवस सगळ्यांना आठवत असतील. सरकारने बाहेरून डाळ आणायची सोय केली. जुलै 2016 मध्ये मोझांबिकशी करार झाला. पहिल्या वर्षी 1 लाख टन आणि वाढत वाढत 2020-21 पर्यंत 2 लाख टन तूर घ्यायची. तिकडे शेतकऱ्यांना निरोप गेला, तूर लावा, भारत घेणार आहे. त्यांनी लावली.

इकडे आपल्याही शेतकऱ्यांनी महागाई बघून तूर लावली, पाऊस चांगला झाला आणि 2016-17 मध्ये विक्रमी पीक आलं. हमीभाव बोनससकट क्विंटलला 5,050 रुपये होता, बाजारभाव त्याच्याही खाली गेला. महाराष्ट्रात खरेदी केंद्रांबाहेर तुरीच्या पोत्यांच्या रांगा लागल्या. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्राने तूर आयातीवर वर्षाला 2 लाख टनांची मर्यादा घातली. दोन सरकारांमधल्या कराराचा माल तिच्यातून वगळला होता, बाकीच्यांची दारं जवळपास बंद झाली. तो महिना बघा. ऑगस्ट, म्हणजे आफ्रिकेत शेंगा नुकत्याच काढलेल्या. मोझांबिक, मलावी आणि टांझानियाच्या गावांत भाव कोसळला. ज्या बाईने कुणाच्या तरी सांगण्यावरून मका कमी करून तूर वाढवली होती, तिला दिल्लीत काय झालं हे कळायला मार्ग नव्हता.

पुढे चक्र उलटं फिरलं. मे 2021 मध्ये आयात पुन्हा खुली झाली. मलावीशी 2021-22 ते 2025-26 अशी पाच वर्षं दरवर्षी 50,000 टन तूर घेण्याचा करार झाला. 2023 मध्ये तूर परत महागली. त्याच वर्षी मार्चमध्ये फ्रेडी चक्रीवादळाने दक्षिण मलावी उद्ध्वस्त केला होता आणि वर्षाच्या शेवटी नाकाला बंदरात निर्यातदारांच्या आपसातल्या वादामुळे माल अडकून पडला. भाव चढा होता, पण ज्याच्या हाती माल होता आणि तो हलवता येत होता, त्यालाच तो मिळाला.

मुलं यात काय करू शकतात? भाकीत करायचं नाही, हे पहिलं. आयात खुली राहील की नाही हे सांगणारे दाणाबंदरातले मुरलेले व्यापारीही चुकतात. पण खुल्या आयातीला मुदत असते, ती बहुधा 31 मार्चपर्यंतची असते आणि मुदतवाढ जाहीर होते. आपल्याकडचा हमीभाव जूनच्या आसपास जाहीर होतो. खरिपात तुरीचा पेरा किती झाला याचे आकडे कृषी खातं दर आठवड्याला देतं. पेरणीनंतर काही महिन्यांनी पिकाचे पहिले अंदाज येऊ लागतात. या सगळ्यातून महिन्याला एक, दीड-दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज तयार होतो: ‘भारतात आयात सध्या खुली आहे, मुदत अमुक तारखेपर्यंत. इथे पेरा गेल्या वर्षीपेक्षा जास्त आहे. वाशीत आफ्रिकेच्या तुरीचा भाव महिन्यापूर्वी इतका होता, आता इतका.’ निर्णय ते घेतील. पण 2017 सारखा अंधारात घ्यावा लागणार नाही.

दाणाबंदरात जाऊन काय शिकायचं

पुस्तकातलं ‘क्वालिटी’ प्रकरण इथे हाताला लागतं. व्यापारी पोत्यात टोकदार नळी खुपसतो, मूठभर तूर तळहातावर घेतो, एक दाणा दाताखाली फोडतो. कडक आवाज आला तर वाळलेली, दबला तर ओल आहे. मग दाणे बोटाने पसरून डागी किती, फुटके किती, भुंग्याने पोखरलेले किती ते बघतो. आपल्या सरकारी खरेदीत तुरीला ओलावा जास्तीत जास्त 12 टक्के चालतो, आणि व्यापारीही त्याच्या आसपासच बोलतात. डाळ मिलवाल्याचा प्रश्न वेगळा असतो, उतारा किती पडेल? म्हणजे 100 किलो तुरीतून किती किलो डाळ निघेल. मोठा, एकसारखा दाणा त्याला आवडतो.

विद्यार्थ्यांनी एका सकाळी जाऊन हे नीट बघावं, विचारावं आणि चांगल्या-वाईट नमुन्यांचे फोटो काढावेत, अर्थात परवानगी घेऊन. मग ते फोटो एकाशेजारी एक ठेवून गटाला पाठवावेत. या दाण्याला पूर्ण भाव, याला कमी, हा परत पाठवतात, आणि का. मलावीतल्या शेतकऱ्याला आपल्या मालाचं पुढे काय होतं, तो कोण बघतो आणि कशावरून भाव कापतो, हे कदाचित पहिल्यांदाच दिसेल. ताडपत्रीवर दोन दिवस जास्त वाळवणं आणि भुंग्यापासून माल जपणं किती मोलाचं आहे, हे त्यावरून शेतकरी स्वतः ठरवेल.

या टप्प्यावर हमखास कुणीतरी मुलगा म्हणतो, ‘सर, मग थेट वाशीतच विकू ना!’ उत्साह खरा असतो, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं. वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण 24-25 टन तूर जाते. आपल्या उदाहरणातल्या गटाकडे 6 टन आहे. चार गट एकत्र आले तरी त्यांना निर्यात परवाना, मालात रोग-कीड नसल्याचं प्रमाणपत्र, मालाला धुरी दिल्याचा दाखला, मूळ देशाचं प्रमाणपत्र, बँकेचं पतपत्र (पैसे मिळण्याची हमी), हे सगळं जमवावं लागेल. माल समुद्रात असताना भाव पडला किंवा इथलं धोरण बदललं तर तोटा चाळीस घरांवर येईल. मोठा निर्यातदार तो सोसतो कारण त्याचे शंभर कंटेनर असतात. छोट्या गटाचं पुढचं पाऊल वाशी नाही, लिंबेची मिल आहे. वाशीचा उपयोग माहितीपुरता, आणि त्या माहितीच्या बळावर मिलवाल्याशी बोलताना आवाज थोडा ठाम होतो.

इतक्या लांबून बोलायचं कसं

मलावीचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे आहे. आपले संध्याकाळचे साडेसहा म्हणजे तिकडचे दुपारचे तीन, शेतातून परतायची वेळ. रविवारी चर्च, ठरलेल्या वारी आठवडी बाजार. गावात वीज फार थोड्या घरांत, डेटा महाग. त्यामुळे व्हिडिओ मीटिंगचा हट्ट सोडावा आणि व्हॉइस मेसेजवर काम करावं. गटाचा सचिव किंवा विस्तार अधिकारी इंग्रजी आणि चिचेवा दोन्ही बोलतो, तो मध्ये असतो. त्याच्या डेटाचे पैसे प्रकल्पाने द्यावेत. एअरटेल मनी तिकडेही चालतं, त्यामुळे ते त्याच्यापर्यंत पोचवायला स्थानिक संस्थेला अडचण येत नाही. मात्र गटाच्या मालाचा एकही क्वाचा विद्यार्थ्यांच्या हातून जाता कामा नये. सभासदांची नावं, फोन नंबर आणि विक्रीच्या रकमा कॉलेजच्या पोस्टरवर, रीलमध्ये किंवा सगळ्यांना उघडणाऱ्या शीटवर नकोत.

प्रश्न विचारणं ही खरी कला. ‘एकत्र विक्री केली तर तुम्ही माल द्याल का?’ असं विचारलं की उत्तर ‘हो’ येतं. परदेशातून कुणी आपुलकीने विचारतंय, त्याला नाही कसं म्हणायचं? आपल्या गावात सर्वेक्षणवाले येतात तेव्हा आपणही असंच वागतो. त्यापेक्षा घडलेलं विचारावं. ‘मागच्या वर्षी पहिलं पोतं कोणत्या महिन्यात विकलं? कुणाला? कशासाठी पैसे लागले होते? त्या आठवड्यात भाव काय होता?’ चाळीस जणांकडून या चार प्रश्नांची उत्तरं आली की पहिलं पोतं कधी आणि का सुटतं हे दिसू लागतं. ते फीसाठी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सुटत असेल, तर एकत्र विक्रीची तारीख सप्टेंबरमध्ये ठेवून उपयोग नाही, नाहीतर फीपुरतं एक पोतं प्रत्येकाला मोकळं ठेवून उरलेल्या दोन पोत्यांचाच ट्रकचा हिशेब मांडावा लागेल. आणि मग 40 जणांचे मिळून 4,000 किलो होतात. पस्तीस जणांनी तरी दिलेच पाहिजेत. बघा, एका प्रश्नाने 24 चे 35 झाले.

सभेत बोलणारा आणि शेंगा झोडपणारी एकच व्यक्ती असते असं समजू नये. काही मेसेज बायकांकडून वेगळे मागवावेत.

आपल्या शेतकऱ्याचं काय?

हा प्रश्न कुणीही विचारेल आणि विचारायलाच हवा. तूर पिकवण्यात महाराष्ट्र आणि कर्नाटक देशात पुढे आहेत. यवतमाळचा किंवा लातूरचा शेतकरी भावासाठी झगडत असताना नवी मुंबईच्या मुलांनी परदेशी तुरीवाल्याला का मदत करावी?

माझं मत स्पष्ट आहे. किती तूर देशात येऊ द्यायची हे सरकार ठरवतं, मलावीतला तीन पोतीवाला शेतकरी नाही. तो किंवा त्याचा व्यापारी, कुणीतरी ती विकणारच आहे. प्रश्न एवढाच की वाशीत मोजल्या गेलेल्या पैशातला किती वाटा त्या शेतापर्यंत पोचतो. काटा बरोबर झाल्याने इथे जास्त तूर येत नाही. उलट 2017 मध्ये दोन्हीकडचा शेतकरी एकाच धोरणाच्या धक्क्याने एकाच वेळी पडला होता. पण मी हेही म्हणेन की ज्या कॉलेजने मलावीचा गट घेतला, त्याने मराठवाड्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनीही घ्यावी. ट्रकचा हिशेब तोच, वहीतले सहा रकाने तेच, आणि तिथे एसटीने जाता येतं. खरं तर आधी तिथे शिकून मग मलावीशी बोलावं.

कॉलेजचं वर्ष आणि पिकाचं वर्ष

बऱ्याच चांगल्या मनाने सुरू केलेल्या प्रकल्पांचं घोडं इथे अडतं. आपलं कॉलेज जून-जुलैत सुरू होतं. प्रवेश, गट पाडणं, विषय ठरवणं यात ऑगस्ट संपतो. मलावीत तेव्हा तूर निघून विकली जात असते. अहवाल नोव्हेंबरात तयार होतो, सादरीकरण चांगलं होतं, मार्क मिळतात आणि शेतकऱ्याच्या हाती तो येतो तेव्हा घरात विकायला दाणाही नसतो.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार मुंबई विद्यापीठाच्या पदवी अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंटला श्रेयांक आहेत, त्यामुळे या कामासाठी वेळ काढणं पूर्वीइतकं अवघड नाही. ते दुसऱ्या सत्रात घालावं. जानेवारीत स्थानिक संस्थेशी बोलणी, फेब्रुवारीत त्या चार प्रश्नांची उत्तरं आणि दाणाबंदराची भेट, मार्चमध्ये ट्रकचा हिशेब गटापुढे. परीक्षा संपल्यावर मे-जूनमध्ये काटा आणि वही गटाकडे असेल, काढणीच्या महिनाभर आधी. आणि प्रत्येक तुकडीतला एक विद्यार्थी पुढच्या वर्षी राहिला पाहिजे, म्हणजे ऑगस्टमध्ये खरोखर किती पोती ट्रकवर चढली हे विचारायला ओळखीचा आवाज असेल. दुसऱ्या वर्षीचा हिशेब कल्पनेतल्या आकड्यांवर न करता गटाच्या वहीतल्या आकड्यांवर करायचा, आणि तो शक्यतो त्यांच्या सचिवानेच मांडायचा. मुलांनी फक्त भागाकार तपासून द्यायचा.